लाख फर्मींचा एक अँगस्ट्रॉम

अकरावीच्या भौतिकशास्त्रात एककांचा धडा अगदी सुरुवातीला येतो आणि विद्यार्थी त्यातल्या दोन ओळी एका दमात पाठ करतात. अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग. अणूंची मापे त्यात सांगतात. फर्मी, म्हणजेच फेम्टोमीटर, म्हणजे मीटरला एकावर पंधरा शून्यांच्या संख्येने भागल्यावर उरणारी लांबी. केंद्रकाची मापे त्यात सांगतात. एका अँगस्ट्रॉममध्ये बरोबर एक लाख फर्मी बसतात. एवढे कळले की रूपांतर आले, असे बहुतेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. पण विरुद्ध बाजूही कच्ची नाही, म्हणून दोन्ही बाजू दोन माणसांच्या तोंडी घातल्या आहेत. एक पोखर्णीतल्या शाळेत विज्ञान शिकवणारा मामा आणि दुसरी भौतिकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेली त्याची भाची. दोघेही कल्पित आहेत, त्यांनी मांडलेले आकडे मात्र खरे आहेत. परभणी जिल्ह्यातले पोखर्णी लोकांना माहीत आहे ते नृसिंहाच्या देवस्थानामुळे. या वादासाठी ते निवडले ते मात्र भोवतालच्या काळ्या मातीमुळे. अणूचे माप आणि केंद्रकाचे माप या मातीत एकाच प्रश्नात गुंतलेले सापडते.

मामा : माझं म्हणणं सरळ आहे. लांबीला मीटर हे एकच एकक ठेवावं, बाकी सगळं दहाच्या घातांकावर सोडावं. अँगस्ट्रॉमला उणे दहा, फर्मीला उणे पंधरा. वजाबाकी केली की पाच उरतात, पाच शून्यं म्हणजे एक लाख. यात समजून घेण्यासारखं आणखी काय आहे? पोरांच्या डोक्यावर आधीच मायक्रॉन, नॅनोमीटर, प्रकाशवर्ष असा ढीग आहे. त्यात प्रत्येक शास्त्रज्ञाच्या नावाचं एक एकक कशाला? आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीच्या २०१९ च्या पुस्तिकेत तर अँगस्ट्रॉमला जागाच उरली नाही. चित्र डोळ्यांपुढं हवं असेल तर मी वर्गात सांगतो की, हायड्रोजनचं केंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढं मानलं तर अणू अडीचशे मीटर रुंद होईल. पोरांना ते पटतं आणि लक्षातही राहतं. घातांकाची वजाबाकी आणि हा दाणा, एवढ्यावर काम भागतं.

भाची : मामा, वजाबाकी बरोबरच आहे आणि दाण्याचा हिशेबही बरोबर आहे. पण त्या दाण्यानं फक्त गुणोत्तर कळतं. लहान लांबी आणि मोठी लांबी यांचा एकमेकींशी व्यवहार कसा चालतो, ते त्यातून कळत नाही. आपल्या रानाचंच घ्या. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच जमिनीत पाय रुततो. दख्खनच्या बेसाल्ट खडकातून तयार झालेल्या या मातीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. तिचे थर पानांसारखे एकावर एक असतात. कोरड्या अवस्थेत एका थराच्या तळापासून पुढच्या थराच्या तळापर्यंतचं अंतर सुमारे १० अँगस्ट्रॉम असतं. थरांमध्ये पाण्याच्या रेणूंचा एक पदर शिरला की ते साडेबारा होतं, दोन पदर शिरले की पंधरा. जमिनीचं फुगणं-आकसणं मोठ्या प्रमाणात इथूनच सुरू होतं. हे अंतर मोजतात क्ष-किरणांनी. तांब्याच्या लक्ष्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांची तरंगलांबी १.५४ अँगस्ट्रॉम असते. ब्रॅगच्या नियमानं हिशेब केला तर १५ अँगस्ट्रॉमच्या थरांवरून परतणारा झोत मूळ दिशेपासून सुमारे सहा अंशांवर सापडतो. दीड, दहा, साडेबारा, पंधरा हे आकडे मनात धरून ठेवता येतात. त्यांच्यामागं दर वेळी उणे दहावा घात लावला तर माहिती तेवढीच राहते, नजर मात्र घातांकाकडं जाते आणि पाण्याच्या एका पदरानं अडीच वाढले ही गोष्ट मागं पडते.

मामा : हा सोयीचा मुद्दा झाला. सोय मी नाकारत नाही. स्फटिकांचा अभ्यास करणाऱ्यांनी अँगस्ट्रॉम वापरावा, केंद्रकाचा अभ्यास करणाऱ्यांनी फर्मी. दोघांची शेतं वेगळी, बांध वेगळे. मग एकातून दुसऱ्यात रूपांतर करायची वेळच कुणावर येते? आपल्या मातीचा केंद्रकाशी काय संबंध?

मामाचा हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. दोन्ही मापे कधी एकत्र येणारच नसतील तर त्यांच्यातले रूपांतर हे केवळ परीक्षेपुरते कौशल्य ठरते आणि त्यासाठी मामाची वजाबाकी पुरेशी आहे. तेव्हा ती खरोखर एकत्र येतात का, हे पाहिले पाहिजे.

भाची : मातीतला ओलावा मोजायची एक जुनी पद्धत आहे, न्यूट्रॉन-मापकाची. जमिनीत नळी पुरायची, त्या नळीतून अमेरिसियम आणि बेरिलियमचा स्रोत खाली सोडायचा. त्यातून वेगवान न्यूट्रॉन निघतात, ऊर्जा काही दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट. हिशेबाला २० लाख धरू. ते मातीतल्या केंद्रकांवर आदळत आदळत मंद होतात. हायड्रोजनचं केंद्रक न्यूट्रॉनच्या जवळपास तेवढ्याच वजनाचं असतं, म्हणून त्याच्याशी टक्कर झाली की न्यूट्रॉन सर्वांत जास्त ऊर्जा गमावतो. मातीत हायड्रोजन येतो मुख्यतः पाण्यातून. म्हणजे परत येणारे मंद न्यूट्रॉन मोजले की ओलावा कळतो. निव्वळ हायड्रोजनशीच टकरा झाल्या तर २० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टपासून ०.०२५ पर्यंत उतरायला सरासरी अठरा टकरा लागतात; निव्वळ ऑक्सिजनशी झाल्या तर दीडशेच्या आसपास. आता न्यूट्रॉनची तरंगलांबी बघा. २० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टला ती सुमारे २० फर्मी असते, म्हणजे केंद्रकाच्या मापाची. ०.०२५ ला ती १.८ अँगस्ट्रॉम होते, म्हणजे अणूंमधल्या अंतराच्या मापाची. फर्मीत सांगायची तर एक लाख ऐंशी हजार. मातीतल्या पाण्यावर दहा-वीस वेळा आदळून एकच कण केंद्रकाच्या मापातून अणूच्या मापात आला, नऊ हजार पटीनं लांबला. तुम्ही बांध म्हणालात, पण हा कण तो बांध ओलांडूनच मापकापर्यंत येतो.

मामा : हे मला ठाऊक नव्हतं. तरी माझा मुद्दा जात नाही. हाच प्रवास मीटरमध्येही लिहिता येतो.

भाची : लिहिता येतो. पण त्या शेवटच्या मंद न्यूट्रॉनकडं जरा थांबून बघा. त्याची लाट १.८ अँगस्ट्रॉमची आणि तो ज्या केंद्रकावरून विखुरतो ते काही फर्मींचं. लाटेच्या मानानं केंद्रक इतकं लहान की लाटेला त्याचा आकार, त्याचे थर, त्यात किती प्रोटॉन कसे बसलेत, यातलं काहीच जाणवत नाही. केंद्रकाची सगळी गुंतागुंत एका आकड्यात गोळा होते. त्याला विखुरण-लांबी म्हणू. ती फर्मीत मोजतात. हायड्रोजनची उणे ३.७४, जड हायड्रोजनची अधिक ६.६७, ऑक्सिजनची अधिक ५.८०. प्रत्येक केंद्रकाला एकच आकडा का पुरतो? मधे लाखाच्या आसपासचा फरक आहे म्हणून. क्ष-किरणांना ही सवलत नाही. ते इलेक्ट्रॉनांच्या ढगावरून विखुरतात, तो ढग त्यांच्या लाटेएवढाच असतो, म्हणून कोन वाढला की विखुरणं कमी होत जातं आणि प्रत्येक अणूसाठी एक अख्खी वक्ररेषा द्यावी लागते. शिवाय हायड्रोजनकडं इलेक्ट्रॉन एकच, त्यामुळं क्ष-किरणांना तो जेमतेम दिसतो. न्यूट्रॉनला मात्र तो स्पष्ट दिसतो.

भाचीच्या या उत्तरात वादाचा गाभा आहे असे मी मानतो. लाखाचा गुणक कोष्टकात उभा असतो तेव्हा तो निर्जीव वाटतो. पण दोन लांबींमध्ये एवढे अंतर असणे हीच स्वतंत्र भौतिक घटना आहे आणि तिचे परिणाम दिसतात. भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६० साली सुरू झालेल्या सायरस अणुभट्टीच्या न्यूट्रॉनांनी राजगोपाल चिदंबरम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमिनो आम्लांच्या स्फटिकांतले हायड्रोजन बंध तपासले. ट्रॉम्बेच्या त्या कामात हायड्रोजनची जागा अँगस्ट्रॉममध्ये निघत होती आणि ती काढायला लागणारा आकडा फर्मीत होता. दोन मापे वेगवेगळ्या खोल्यांत ठेवून ते काम होऊच शकले नसते. रूपांतर शिकवायचे ते यासाठी: एका मापातली गोष्ट दुसऱ्या मापात पोचते तेव्हा तिच्यातले काय टिकते आणि काय पुसले जाते, हे कळावे म्हणून. मामाच्या वजाबाकीत पाच हा आकडा बरोबर येतो. पाचाने काय घडते ते मात्र तिच्यात येत नाही.

मामा : पण बाळ, इथं तू दोन गोष्टी एक करतेस. एक लाख हा आकडा माणसानं ठरवला. अँगस्ट्रॉम उणे दहाला आणि फर्मी उणे पंधराला, हे आपण मांडलेलं. उद्या कुणी उणे बाराला नवं एकक काढलं तर गुणक बदलेल, निसर्ग थोडाच बदलणार? मग या लाखाला भौतिक घटना कशी म्हणतेस?

भाची : बरोबर पकडलंत. बरोबर एक लाख, ना एक कमी ना एक जास्त, ही माणसाची व्याख्या. अणू केंद्रकाहून काही दहा हजार पटींनी मोठा, हा निसर्ग. दोन्ही जवळ आलेत, कारण एककं निवडणाऱ्यांनी आपापल्या वस्तूच्या मापाची निवडली. अँगस्ट्रॉमनं १८६८ मध्ये सूर्याच्या वर्णपटाच्या रेषा मोजताना मिलिमीटरचा कोटीवा भाग धरला. फर्मीचं नाव हॉफस्टॅटरनं १९५६ मध्ये सुचवलं, तो इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यानं केंद्रकांची मापं काढत होता. निसर्गाचा आकडा वेगळा काढता येतो. हायड्रोजनमध्ये इलेक्ट्रॉनच्या कक्षेचं माप, म्हणजे बोरची त्रिज्या, ०.५२९ अँगस्ट्रॉम; फर्मीत ५२,९१८. केंद्रकातल्या बलाचा पल्ला ठरवतो पायॉन नावाचा कण, युकावानं १९३५ मध्ये भाकीत केलेल्या जातीचा. त्यावरून येणारी लांबी १.४१ फर्मी. भागाकार करा, सदतीस हजारांच्या वर येतो. हा आकडा आला कुठून? पायॉन इलेक्ट्रॉनच्या २७३ पट जड आहे, आणि विद्युत बल किती दुबळं आहे ते सांगणारा आकडा आहे १३७. दोघांचा गुणाकार सदतीस हजार चारशेच्या आसपास. म्हणजे अणू केंद्रकाहून एवढा मोठा का, याची दोन कारणं झाली. इलेक्ट्रॉन हलका आहे, आणि त्याला धरून ठेवणारं बल दुबळं आहे.

इथे मला मध्ये बोलायला हवे. मामाने केलेला भेद, म्हणजे व्याख्येने आलेला गुणक वेगळा आणि मोजून आलेले गुणोत्तर वेगळे, या विषयात सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. त्याची किंमत विज्ञानाने एकदा मोजलेली आहे. स्वीडनच्या मान्ने सीगबान यांनी १९२० च्या दशकात क्ष-किरणांसाठी एक्स-एकक वापरात आणले. ते अँगस्ट्रॉमच्या हजाराव्या भागाएवढे, म्हणजे १०० फर्मी असावे असा हेतू होता. पण ते बांधले होते कॅल्साइट स्फटिकातल्या थरांच्या अंतराला. ते अंतर ३०२९.०४ एक्स-एकके असे धरले. कॅल्साइटमधले ते अंतर काढायला स्फटिकाची घनता आणि ॲव्होगाड्रोचा अंक लागतो, आणि तो अंक त्या काळी इलेक्ट्रॉनच्या प्रभारावरून काढत. मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवरून काढलेला प्रभार सुमारे ०.६ टक्क्यांनी कमी होता, कारण हवेच्या श्यानतेचा आकडा चुकीचा धरला गेला होता. अंतर हे घनफळाच्या घनमुळातून येते, म्हणून ०.६ ची चूक ०.२ टक्क्यांची होऊन एक्स-एककात शिरली. पुढे कोरीव रेषांच्या जाळीवरून क्ष-किरणांची तरंगलांबी थेट मोजली गेली तेव्हा दोन मार्गांनी आलेली उत्तरे जुळेनात, आणि चूक सापडली. आज एक एक्स-एकक १०० फर्मी नसून १००.२ फर्मी मानतात. ज्यांनी त्याचे रूपांतर निव्वळ शून्ये हलवून केले त्यांच्या प्रत्येक आकड्यात हवेच्या श्यानतेची चूक लपून राहिली. शून्ये हलवण्याआधी विचारायचा प्रश्न असा: या दोन एककांमधला गुणक कुणी ठरवला आहे की कुणी मोजला आहे?

मामा : हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. एककं वाढवली म्हणून चूक लपली. सगळ्यांनी मीटर वापरला असता तर लपायला जागाच नव्हती. १९९९ साली मंगळाकडं पाठवलेलं अमेरिकेचं यान गेलं ते याचमुळं. एका गटानं पाऊंड धरले, दुसऱ्यानं न्यूटन समजले. शाळेतल्या पोराला दोन एककं दिली की एक ना एक दिवस तो अशीच गल्लत करणार.

भाची : मंगळाच्या यानात दोन एककं असणं हा दोष नव्हता. आकडा पुढं गेला आणि त्याचं एकक मागं राहिलं, हा दोष होता. आणि मीटरनं एक्स-एककाची चूक टळली नसती, मामा. कॅल्साइटचं अंतर मीटरमध्ये लिहिलं असतं तरी तेच ०.२ टक्के त्यात राहिले असते. उलट ती चूक कुठून आली ते शोधणं अवघड झालं असतं. एक्स-एकक वेगळं लिहिलेलं होतं म्हणून सगळी जुनी मोजमापं एकाच गुणकानं दुरुस्त करता आली. आता गल्लत कुठं होते ते दाखवते. पाणी न्यूट्रॉनला कसं दिसतं याचा हिशेब करू. एका रेणूत दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, विखुरण-लांबींची बेरीज उणे १.६८ फर्मी. पाण्यात एका रेणूच्या वाट्याला जागा येते सुमारे ३० घन अँगस्ट्रॉम. आता बेरजेला जागेनं भागायचं. वर फर्मी, खाली घन अँगस्ट्रॉम; दोन्ही मापं एकाच अपूर्णांकात आली. वरच्या फर्मीचे अँगस्ट्रॉम केले, लाखानं भागलं, तर दर चौरस अँगस्ट्रॉमला उणे ०.००००००५६ येतात. कुणी उलट्या बाजूनं गेला आणि खालच्या जागेचं रूपांतर करायला बसला, तर पाठ केलेला लाख त्याला दगा देतो. घन अँगस्ट्रॉम म्हणजे लाख घन फर्मी नव्हेत. लाखाचा घन, एकावर पंधरा शून्यं. एकच लाख लावला तर उत्तर हजार कोटी पटीनं चुकतं. क्षेत्रफळातही तसंच. केंद्रकाचं लक्ष्यक्षेत्र बार्नमध्ये सांगतात, एक बार्न म्हणजे १०० चौरस फर्मी. मग एका चौरस अँगस्ट्रॉममध्ये बार्न किती? लाखाचा वर्ग हजार कोटी, भागिले शंभर, म्हणजे दहा कोटी. ज्यानं फक्त पाच शून्यं पाठ केली तो इथं अडखळणार, मग मीटर वापरो की फर्मी.

मामा : घाताचा वर्ग आणि घन मी शिकवतोच. पण त्या उणे आकड्याचं पुढं करायचं काय?

भाची : जड पाण्याचा तोच हिशेब करा. बेरीज अधिक १९.१४ फर्मी, जागा जवळपास तेवढीच, उत्तर अधिक ०.०००००६४. एक उणे, एक अधिक. म्हणजे साध्या पाण्यात सुमारे आठ टक्के जड पाणी मिसळलं की बेरीज शून्य होते, सपाट मिश्रण म्हणून ते पाणी न्यूट्रॉनला दिसेनासं होतं आणि त्यात बुडालेली वस्तू तेवढी दिसते. प्रमाण बदलत गेलं की हवा तो घटक लपवता येतो, हवा तो उघडा करता येतो. प्रथिनं, साबणाचे थेंब, चिकणमाती, सगळ्यांवर ही युक्ती चालते. चिकणमातीचे थर मघाचेच, दहा आणि पंधरा अँगस्ट्रॉमचे. त्यांच्यात शिरलेलं पाणी बघायचं तर हायड्रोजनचा तो उणे ३.७४ फर्मीचा आकडा लागतो.

या उत्तरानंतर मामाची पहिली भूमिका तशीच टिकत नाही असे मला वाटते. आपल्या मातीचा केंद्रकाशी काय संबंध, या त्याच्या प्रश्नाला दोन वेगळ्या वाटांनी उत्तर मिळाले आहे. ओलावा मोजताना केंद्रकावरची टक्कर लागते, आणि ओलावा थरांत कसा बसला आहे ते पाहताना केंद्रकाची विखुरण-लांबी. पहिल्या वाटेवर तर काळी माती आणखी एक अडचण उभी करते. न्यूट्रॉन-मापकाला हायड्रोजन दिसतो, पाणी दिसत नाही. चिकणमातीच्या थरांच्या घडणीतच हायड्रॉक्सिल गट असतात, आणि १०५ अंश सेल्सियसला माती वाळवली तरी त्यांतला हायड्रोजन जात नाही. म्हणून हलक्या रेताड जमिनीसाठी बसवलेले कोष्टक काळ्या जमिनीला चालत नाही, ते वेगळे बसवावे लागते. मापकाचा आकडा पिकाला मिळणाऱ्या पाण्यात बदलणे हेही शेवटी रूपांतरच आहे, आणि त्याचा गुणक व्याख्येने कधीच मिळत नाही. पण मामाकडे अजून एक मुद्दा आहे, आणि तो त्याचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

मामा : तू मातीत होतीस, मी तुला जरा पलीकडं नेतो. औंढा नागनाथ १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं, आता हिंगोलीत आहे. तिथं लायगो-इंडिया उभारायचं ठरलंय. २०१६ च्या फेब्रुवारीत केंद्रीय मंत्रिमंडळानं तत्त्वतः होकार दिला, २०२३ च्या एप्रिलमध्ये दोन हजार सहाशे कोटींची मंजुरी दिली. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर. गुरुत्वीय लहर आली की त्या भुजांच्या लांबीत फरक पडतो, तो मोजायचा. आता हा फरक ते लोक सांगतात कशात? फर्मीत नाही, अँगस्ट्रॉममध्येही नाही. लांबीतला फरक भागिले मूळ लांबी, एक निव्वळ संख्या. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर पकडली तेव्हा ती संख्या होती एक भागिले एकावर एकवीस शून्यं. जगातलं सर्वांत नाजूक मोजमाप करणारे एकक बाजूला ठेवून चालतात, आणि तू मला दोन-दोन एककं शिकवायला सांगतेस?

भाची : हा मुद्दा मला मान्य आहे, अर्धा. लहर किती मोठी हे सांगायला निव्वळ संख्या सर्वांत चांगली, कारण ती भुजेच्या लांबीवर अवलंबून नसते. पण ती मोजता येईल का, हा दुसरा प्रश्न आहे, आणि त्याला निव्वळ संख्या पुरत नाही. चार किलोमीटरला त्या संख्येनं गुणा. येतात ०.००४ फर्मी, म्हणजे प्रोटॉनच्या त्रिज्येच्या दोनशेव्या भागाहूनही कमी. आणि हे मोजायचं कशानं? १०६४ नॅनोमीटरच्या लेझरनं, म्हणजे १०,६४० अँगस्ट्रॉमच्या लाटेनं. आरसा कशाचा? अणूंचा, आणि दोन अणूंमधलं अंतरच दीड-दोन अँगस्ट्रॉम. आता कुणीही विचारेल, ज्या आरशाचा पृष्ठभागच अँगस्ट्रॉमच्या मापाचा खडबडीत, उष्णतेनं ज्याचा प्रत्येक अणू हलतोय, त्याची जागा फर्मीच्या हजाराव्या भागापर्यंत ठरणार कशी? हा प्रश्न निव्वळ संख्येतून सुचतच नाही. तो सुचतो फर्मी आणि अँगस्ट्रॉम शेजारी ठेवले की. उत्तर असं की लेझरचा झोत काही सेंटिमीटर रुंद असतो. त्याच्याखाली एकावर सोळा-सतरा शून्यं एवढे पृष्ठभागाचे अणू येतात आणि प्रकाश त्या सगळ्यांची सरासरी जागा वाचतो. एकेका अणूचं हलणं सरासरीत विरतं, अख्ख्या आरशाचं सरकणं उरतं. तरीही आरशाच्या लेपातली उष्णतेची थरथर पुरती जात नाही, म्हणूनच तो लेप कशाचा करावा यावर इतकं संशोधन चालतं.

मामा : मग मंद न्यूट्रॉनच्या वेळीही सरासरीच होती. केंद्रकातलं सगळं एका आकड्यात गोळा झालं म्हणालीस.

भाची : हो, दोन्हीकडं मोठ्या लाटेला बारीक तपशील दिसत नाही. आणि कधी कधी उलटंही करता येतं. हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन काढून त्याच्या जागी २०७ पट जड म्युऑन बसवला की कक्षा ५२,९१८ फर्मीवरून २८५ फर्मीपर्यंत आत येते. इतक्या जवळून फिरणाऱ्या म्युऑनला प्रोटॉन बिंदूसारखा राहत नाही, त्याची जाडी ऊर्जेच्या पातळ्यांत जाणवते. २०१० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये अशा अणूंवरून प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फर्मी निघाली, तेव्हा मान्य आकडा ०.८८ च्या जवळ होता. चार टक्क्यांचा फरक, आणि तो मिटायला बरीच वर्षं गेली. अणूच्या वर्णपटातून केंद्रकाचं माप काढलं म्हणूनच तो फरक उघड झाला.

मामाने यावर जे म्हणावे असे मला वाटते ते लिहितो, कारण त्यात तथ्य आहे. तो म्हणेल की दोन पायऱ्या हव्यात हे पटले, पण त्यांतली एक अँगस्ट्रॉमच का? आंतरराष्ट्रीय पद्धतीत पिकोमीटर आहे. कोरड्या थरांचे अंतर १००० पिकोमीटर, पाण्याचा एक पदर शिरला की १२५०. बोरची त्रिज्या ५२.९ पिकोमीटर. एक पिकोमीटर म्हणजे एक हजार फर्मी, म्हणजे वर्गाला दहा लाख आणि घनाला शंभर कोटी, एवढे तोंडपाठ ठेवणे लाखाच्या घनाहून सोपे आहे. स्फटिकांचे अभ्यासक आणि मृदाशास्त्रज्ञ अँगस्ट्रॉम सोडणार नाहीत, जुन्या कोष्टकांत आणि मापकांच्या पडद्यांवर तो राहीलच, तेव्हा विद्यार्थ्याला तो वाचता आला पाहिजे. पण नव्याने लिहिताना त्याने कोणते एकक घ्यावे, या प्रश्नावर मी मामाच्या बाजूला आहे. भाचीची अट त्याला मान्य व्हावी: आकड्यासोबत एकक, आणि एका मापातून दुसऱ्यात जाताना गुणक ठरवलेला की मोजलेला, याची एक ओळ. परीक्षेत त्या ओळीला गुण नसतात. मामाने आपल्या चाचणीत ते द्यावेत.